औट्रम घाटातली दुनळी

माणूस जातो, नाव मागे राहते. चाळीसगावाहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आपण सारेच औट्रम घाट म्हणतो. पण हा औट्रम कोण, असे विचारले तर दहांतले नऊ जण गप्प बसतील.

जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला, पण डोंगरातले भिल्ल काही आले नाहीत. १८२५ साली त्यांचीच पलटण उभारण्याचे काम अवघ्या २२ वर्षांच्या औट्रमवर पडले. धरणगावला त्याचे ठाणे होते. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो बराचसा त्यांच्याबरोबर रान तुडवून, वाघामागे जाऊन. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत तो हजर असताना १९१ वाघ पडले, असे त्याच्या चरित्रात नोंदले आहे.

त्या काळची बंदूक ठासणीची. बार उडाला की पुन्हा दारू, गोळी, गज! चवताळलेला वाघ इतका वेळ थांबणार थोडाच? म्हणून शिकाऱ्याला दुसरी नळी हवी झाली. एका दस्त्यावर दोन नळ्या, दोन चाप, दोन घोडे. म्हणजे एका लाकडात बसवलेल्या दोन बंदुकाच. एक दगा देईल तर दुसरी तारील, हा त्यातला हिशेब.

पुढे पाठीमागून काडतूस घालण्याची सोय झाली आणि इंग्रज कारागिरांनी दुनळी रायफलीला कळस चढवला. काळ्या दारूच्या दिवसांत नळ्या २६ ते २८ इंचांच्या असत. १८८९ मध्ये कॉर्डाइट ही बिनधुराची जोरकस दारू निघाली, तेव्हा २४ ते २६ इंच पुरेसे झाले. इंच-दोन इंच कमी झाल्याने गोळीचा वेग फारसा घटत नाही; उलट झुडपात किंवा हत्तीच्या हौद्यात आखूड बंदूक चटकन वळते.

खरी कसोटी मात्र लांबीत नाही, जुळणीत आहे. दोन्ही नळ्या समांतर दिसतात, पण तशा नसतात. उजवी नळी उडताना बंदूक उजवीकडे झटका खाते, डावी उडताना डावीकडे. म्हणून नळ्या तोंडाशी किंचित जवळ आणतात. कारागीर बार काढून पाहतो, झाळ सोडवतो, मधली पाचर केसभर सरकवतो, पुन्हा झाळतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही गोळ्या ठरल्या अंतरावर शेजारी बसेपर्यंत हा खेळ चालतो. अशी नळी कुणी हौसेने कापली तर ही सारी तपश्चर्या वाया! विलायतच्या गारठ्यात साधलेली ही जुळणी खानदेशच्या वैशाखात बिघडे, कारण उन्हाने कॉर्डाइटचा जोर वाढतो. म्हणून उष्ण देशांसाठी काडतुसांत दारू थोडी कमी भरीत.

या बंदुकीच्या पोटात राजकारणही होते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने एतद्देशीयांना परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले; गोऱ्यांना मात्र सूट होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. लष्करी मार्टिनी-हेन्रीचा बोअर तोच होता. ती दारूगोळी बंडखोरांच्या हाती पडेल, ही धास्ती! मग हॉलंड अँड हॉलंडसारख्या कारखान्यांनी ४६५, ४७० असे नवे बोअर काढले. साहेबाची शिकार चुकली नाही. हाका घालणारा भिल्ल मात्र तीरकामठा घेऊन त्याच वाघाच्या अंगावर पायी जात राहिला. धाडस कुणाचे मोठे, हे वाचकांनीच ठरवावे.

वाघ संपत गेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर पडदा पाडला. १९८६ साली याच डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्य झाले. शेकड्यांनी वाघ मारणाऱ्याचे नाव रानाच्या रक्षणाला लागले! आणि मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत एक तरुण वाघ इथे पोचला. रानात लावलेल्या कॅमेऱ्याने त्याला टिपले. औट्रमच्या घाटात वाघावर काहीतरी रोखले गेले आणि तो जिवंत पुढे चालत गेला, असा हा दिवस उगवायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.