खजिन्यातल्या डॉलरांचे रंग

काळवंडलेली चांदी चिंचेने वा राखेने उजळावी हा आपल्या घरोघरचा परिपाठ, आणि लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर मांडायचे कलदार रुपये तर हटकून लख्ख केलेले. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला, अमेरिकेतल्या लिलावांत रंग चढलेल्या, एरवी अगदी सर्वसामान्य असलेल्या मॉर्गन डॉलरांवर पांढऱ्याशुभ्र डॉलराच्या कैक पट बोली लागते, हे ऐकून नवल वाटणे साहजिक आहे. त्या रंगांचा उगम मात्र राजकारणात आहे.

पश्चिमेकडील खाणमालकांच्या दडपणाखाली १८७८ साली जो ब्लँड-ॲलिसन कायदा झाला, त्याने दरमहा वीस ते चाळीस लक्ष डॉलरांची चांदी विकत घेऊन तिचे हे मॉर्गन डॉलर पाडण्याची सक्ती सरकारी खजिन्यावर केली. परंतु असले वजनदार नाणे खिशात बाळगण्यापेक्षा लोकांना कागदी चलन सोयीचे वाटले, आणि हजार-हजार डॉलरांच्या कापडी थैल्या तळघरांत वर्षानुवर्षे पडून राहिल्या. कापडातला गंधक व हवेतली आर्द्रता यांच्या योगाने, थैलीला लगटून बसलेल्या नाण्यांवर रौप्य-गंधकाचा अतिसूक्ष्म पापुद्रा चढला. तो जसजसा जाड होई तसतसा प्रकाशाच्या खेळाने प्रथम फिकट सोनेरी, मग किरमिजी, मग निळा, मग हिरवा असा रंग उमटत जाई. शेजारच्या नाण्याने जेवढा भाग झाकला तेवढा शुभ्र राहून रंगाची कड चंद्रकोरीसारखी वळलेली दिसते, आणि क्वचित नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या गालावर थैलीच्या विणीचे आडवे-उभे धागेही उमटलेले आढळतात.

यांतल्या कित्येक थैल्या पुढे भट्टीत गेल्या, आणि त्याला कारण झाला आपलाच देश. १९१८ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, नोटा वटवून रुपये मागणाऱ्यांची हिंदुस्थानात रीघ लागली तेव्हा ब्रिटिश सरकारने अमेरिकेकडे चांदी मागितली. त्यासाठी झालेल्या पिटमन कायद्यान्वये सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले व त्यांतली बहुतांश चांदी इकडे आली. डॉलरात शुद्ध चांदी ३७१¼ ग्रेन आणि रुपयात १६५, म्हणजे एका डॉलराचे नेमके सव्वादोन रुपये! आपल्या आजोबांनी गाडग्यात पुरलेल्या पंचम जॉर्जच्या रुपयांत खजिन्यातला एखादा रंगीत डॉलर विरघळलेला असण्याचा संभव आहे, आणि तो रुपया आपण चिंचेने घासला.

उरलेल्या थैल्या १९६२ ते १९६४ या काळात लोकांनी दर्शनी किमतीला उचलल्या. १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर दुर्मीळ म्हणून मिरवत होता, तो थैल्यांनी निघताच त्याचा भाव कोसळला. शेवटी राहिलेले डॉलर, मुख्यत्वे कार्सन सिटीच्या टांकसाळीचे, सरकारनेच १९७२ पासून टपालाने बोली मागवून विकले. त्या काळी संग्राहक रंगीत नाणी आम्लात बुडवून पांढरी करीत. रंगाची चाहत पुढे वाढली, आणि आता उलट पांढरी नाणी गंधकाच्या धुरीने व उष्णतेने रंगवणारे बहाद्दर निपजले आहेत.

माझ्या मते ही चाहत निव्वळ लहर नव्हे. नाणे हाताळले गेले नाही, घासले गेले नाही, याचा तो दाखला आहे. पण दाखला बनावट असू शकतो. म्हणून मुरलेला गिऱ्हाईक छायाचित्राच्या झगमगाटावर विसंबत नाही. लिलावापूर्वी नाणे मागवून घेऊन, दिव्याखाली ते सावकाश कलते करीत, रंग आपल्या नैसर्गिक क्रमाने एकमेकांत मिसळतात की मध्येच एखादा गाळून उडी मारतात, आणि ओरखड्याच्या आतही तोच रंग शिरला आहे काय, हे तो पाहतो, आणि मगच बोलीचा आकडा ठरवतो.