डीसी म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या कोडमध्ये ‘आरपी’ नावाचा एक फोल्डर आहे. फुलफॉर्म टीममध्ये कुणालाच माहीत नाही. नाव देणारा कधीच कंपनी सोडून गेला, आणि बदलायची कुणाची छाती होत नाही, कारण अर्धं प्रॉडक्ट त्यावरच उभं आहे. परवा कॅन्टीनमध्ये एकाने पायातले डीसीचे बूट दाखवत विचारलं, ‘डीसी म्हणजे काय रे?’ मी ठोकून दिलं, ‘डॅनी आणि कॉलिन!’

साफ चुकलो. :)

डॅनी वे आणि कॉलिन मॅकाय हे कंपनीचे अगदी सुरुवातीचे स्केटर, त्यामुळे ही गोष्ट चटकन पटते. पण १९९४ साली कॅलिफोर्नियात डीसी सुरू केली ती केन ब्लॉक आणि डॅनीचा थोरला भाऊ डेमन वे यांनी. त्याआधी त्यांचा कपड्यांचा ब्रँड होता, ‘ड्रॉर्स क्लोदिंग’. इंग्रजीत ड्रॉवर्स म्हणजे आतली चड्डी. यांनी फक्त स्पेलिंग वाकडं केलं. त्याची आद्याक्षरं डी आणि सी. म्हणजे जगभर मिरवलेला लोगो मुळात चड्डीवरच्या विनोदातून आलाय!

कपडेवाले बुटात का शिरले असतील? स्केटबोर्डवर सँडपेपरसारखा खरखरीत थर असतो. ऑली मारताना पाऊल त्यावरून घासत न्यावं लागतं. साधा बूट बाजूने फाटतो, लेस तुटते. स्केटरला बूट सारखे लागतातच.

पुढे ड्रॉर्स विकला गेला आणि नंतर बंदच पडला. शब्द गेला, आद्याक्षरं उरली. २००४ मध्ये डीसी क्विकसिल्व्हरने घेतली. २००५ मध्ये डॅनीने स्केटबोर्डवरून चीनची भिंत ओलांडली. २००८ पासून केनने गाडी गरागरा फिरवायचे व्हिडिओ काढले, तेही मुळात डीसीची जाहिरात म्हणून. त्यांचं नाव काय, तर ‘जिमखाना’! इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडूनच नेलेला. डेक्कनवरच्या माणसाला तो कॅलिफोर्नियाहून परत ऐकू यावा, ही गंमतच.

जानेवारी २०२३ मध्ये केन स्नोमोबिलच्या अपघातात गेला. डीसीचा अर्थ त्याने आणि डेमनने वेळीच सांगून ठेवला होता, म्हणून माझी थाप पकडली तरी गेली.

असो. आमचा ‘आरपी’वाला अजून याच शहरात आहे. सोमवारी त्याला फोन लावतो.