शिकाऱ्यांचा हिशेब आणि कान्ह्याचा बारशिंगा

हिंदुस्थानातल्या जंगलांतून हरणे कमी होत आहेत, ही तक्रार पहिल्यांदा कोणी लेखी केली, असा प्रश्न विचारला तर उत्तर थोडे अडचणीचे आहे. ती तक्रार प्राणिमित्रांनी केली नाही. त्या काळी तो वर्गच नव्हता. ती शिकाऱ्यांनी केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षे शिकारपुस्तकांत, वनखात्याच्या कागदांत आणि नियतकालिकांत एकच सूर ऐकू येतो : पूर्वी इथे कळप होते, आता नाहीत. गेली काही वर्षे मी हे जुने लेखन सवडीने वाचतो आहे. शिकाऱ्यांच्या या काळजीकडे आपण एकतर ढोंग म्हणून पाहतो, नाहीतर वन्यजीवसंवर्धनाचा उगम म्हणून तिचे कौतुक करतो. मला दोन्ही घाईचे वाटते. ही साक्ष कुठे खरी आणि कुठे आंधळी, हे एखाद्या प्राण्याच्या बाबतीत तपासून पाहायला हवे. त्यासाठी मी कान्ह्याचा बारशिंगा निवडला आहे.

कान्हा आज मध्यप्रदेशात असले तरी त्याचा जुना इतिहास नागपूरच्या कागदांत आहे. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला, नागपूर ही त्याची राजधानी झाली आणि मंडला-बालाघाटची सालवने या प्रांताच्या वनव्यवस्थेत आली. रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना कॅप्टन जेम्स फोरसिथ या अधिकाऱ्याने ही डोंगराळ मुलूखगिरी पायाखाली घातली. त्याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ मध्ये निघाला. पुस्तक प्रवासाचे, वनाचे आणि शिकारीचेही आहे. सालवनांतल्या गवताळ खोऱ्यांतून फिरणारा बारशिंगा इंग्रजी वाचकांना त्यात भेटला.

याच मुलखात नोकरी केलेला दुसरा शिकारी-लेखक आर. ए. स्टर्नडेल. त्याचे सिवनीवरचे पुस्तक १८७७ चे. पुढे तो मुंबईत आला आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचा, ई. एच. एटकेन यांच्या जोडीने, पहिला संपादक झाला. ते नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे निसर्गाभ्यासाची जी पहिली मोठी संस्था उभी राहिली तिच्या आरंभीच्या मंडळींत बंदूक आणि टिपणवही दोन्ही बाळगणारे अनेक जण होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

या परंपरेतला बारशिंग्यासाठी सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे ए. ए. डनबार ब्रँडर. तो मध्यप्रांतात वनाधिकारी होता. ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ हे त्याचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कान्ह्याविषयी त्याने केलेली एक नोंद पुढच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासकाने उद्धृत केली आहे. तिचा आशय असा : १९०० च्या सुमारास संध्याकाळच्या एका फेरफटक्यात त्याला अकरा जातींची मिळून दीड हजार जनावरे दिसली होती, १९०८ मध्ये त्याने आफ्रिकेतले उत्तमोत्तम प्रदेश पाहिले, त्यांच्या तोडीस तोड असे हे खोरे होते, पण आता ते तसे राहिलेले नाही.

माणूस बढाईखोर असता तर त्याने फक्त पहिला भाग लिहिला असता. शेवटचे वाक्य त्याने लिहिले म्हणून आपल्याला आज एक आधाररेषा मिळते. त्या काळात कान्ह्यात शास्त्रीय गणना नव्हती. किती होते आणि किती उरले याचा जो काही अंदाज आहे, तो अशाच लोकांच्या नजरेवर उभा आहे. ज्याच्या छंदाचे सुख जनावरांच्या विपुलतेवर अवलंबून असते, त्याला विपुलता ओसरताना सर्वांआधी जाणवते. इथवर शिकाऱ्याची साक्ष मी खरी मानतो.

मात्र त्याच्या हिशेबाची एक रीत होती. मध्यप्रांतात राखीव जंगलांचे शिकारीचे ‘ब्लॉक’ पाडलेले असत. ठरावीक दिवसांचा परवाना मिळे आणि कोणत्या जातीची किती जनावरे मारायची याची मर्यादा असे. शिकाऱ्याचे लक्ष असे ते शिंगांवर. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये जगभरच्या शिंगांच्या मापांची नोंदवही छापली आणि मापांची चढाओढ आणखी वाढली. बारशिंगा हे नाव जरी शिंगांच्या टोकांवरून पडले असले, तरी शिंगे नराला असतात. साहजिकच नोंदी झाल्या त्या मोठ्या नरांच्या. माद्या किती, त्यांतल्या किती व्याल्या, पाडसे किती जगली, हे त्या नोंदींत अभावानेच सापडते. एखादी जात टिकणार की संपणार हे नेमके याच आकड्यांवर ठरते.

कळप कमी झाले हे मान्य झाल्यावर दोष कोणाचा, हा प्रश्न येतो. शिकारपुस्तकांत याची उत्तरे ठरलेली आहेत. पहिला आरोपी रानकुत्रा. तो क्रूर, तो हरणांचा काळ, म्हणून त्याला मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. दुसरा आरोपी गावचा शिकारी : पाणवठ्यावर दबा धरणारा, जाळे लावणारा, ठासणीची बंदूक घेऊन बारमाही हिंडणारा. साहेबाने मारले तर ती शिकार, गोंडाने किंवा बैगाने मारले तर ती चोरी, ही विभागणी भाषेतच रुजली होती. निलगिरीत १८७९ मध्ये शिकारीच्या जनावरांसाठी आणि माशांसाठी स्वतंत्र कायदा झाला. १९१२ मध्ये वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा कायदा देशभरासाठी आला. बंदीचा हंगाम ही कल्पना त्यांनी रुजवली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण परवाना ज्याला परवडतो आणि ज्याच्या ओळखीचा अधिकारी आहे, त्याला जंगल मोकळे राहिले. ज्याचे जेवण जंगलात होते तो मात्र गुन्हेगार ठरला.

आरोप सर्वस्वी खोटे नव्हते. मांसासाठी आणि कातड्यांसाठी गावठी बंदुकांनी पुष्कळ जनावरे मारली गेली. पण एक गोष्ट या हिशेबात आलीच नाही. कान्ह्याची जी मैदाने बारशिंग्यांसाठी प्रसिद्ध आहेत, त्यांतली बरीचशी मुळात माणसांनी साफ केलेली आणि पुढे सोडून दिलेली शेतजमीन आहे. बैगांची फिरती शेती, म्हणजे ‘बेवर’, वनखात्याला साल वृक्षांची नासाडी वाटे. ती बंद करत आणून १८९० मध्ये बैगांसाठी ‘बैगा चक’ नावाचा एक मर्यादित टापू ठेवण्यात आला. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात या बंदीने काय हिरावले ते सविस्तर सांगितले आहे. ज्या कुऱ्हाडीला जंगलाची शत्रू ठरवले, त्याच कुऱ्हाडीच्या वाटेने काही ठिकाणी बारशिंग्याचे गवत आले होते.

दोन महायुद्धांनंतर चित्र पालटले. जीपगाडी आली, रात्री दिव्याच्या झोतात जनावर उभे करून मारण्याची पद्धत आली, पिकांच्या रक्षणासाठी बंदुकांचे परवाने सढळ हाताने वाटले गेले. आता जुने शिकारीच हादरले. १९३३-३४ मध्येच एस. एच. प्रेटर यांनी मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकातून वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा प्रश्न मांडला होता. १९३५ मध्ये दिल्लीला त्यासाठी अखिल भारतीय परिषद भरली. त्याच वर्षी ताडोब्यात शिकार बंद झाली. कान्ह्याच्या बंजर खोऱ्यालाही त्याच दशकात अभयारण्याचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला म्हणजे बंदूक थांबली असे नव्हे. १९४७ ते १९५१ या काळात विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजे क्रिकेटमधले ‘विझी’, यांनी कान्ह्याच्या परिसरात तीस वाघ मारल्याची नोंद आहे. त्यातून उठलेल्या ओरडीने कान्ह्याच्या कडक संरक्षणाची मागणी बळावली. १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. ताडोबाही त्याच वर्षी झाले. तेव्हा चांदा जिल्हा त्याच राज्यात होता आणि राजधानी नागपूरच होती.

शिकाऱ्यांच्या निदानाची कसोटी इथे लागते. बंदूक हेच कारण असते तर उद्यान झाल्यावर बारशिंगा वाढायला हवा होता. घडले उलट. १९३० च्या दशकातले अंदाज तीन हजारांच्या घरात जातात. १९५३ मध्ये पाच-सहाशे. आणि उद्यान होऊन पंधरा वर्षे लोटल्यावर, १९७० मध्ये, अवघे सहासष्ट. कडक जमिनीवर राहणाऱ्या या उपजातीचे जगात दुसरे ठिकाण उरले नव्हते.

चोरटी शिकार चालू होती, हे खरे. पण मोठे कारण बंदुकीत नव्हते, गवतात होते. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्यात राहून केलेला अभ्यास आणि १९७० नंतर क्लॉड मार्टिन यांनी केवळ बारशिंग्यावर केलेले काम यांतून हे उलगडत गेले. चितळ गवत खातो, पाला खातो, खाली पडलेली फळेही खातो. बारशिंगा जवळजवळ निव्वळ गवतावर जगतो. पावसाळ्याच्या अखेरीस मादी उंच गवतात विते आणि पाडस तिथेच दडवते. उद्यानाच्या आतल्या गावांची हजारो गुरे ती मैदाने चरत होती, शिवाय दरवर्षी गवत पेटवले जाई. उंच गवत उरले नाही, तर पाडस उघड्यावर पडते. शंभर वर्षे शिंगे मोजणाऱ्यांच्या नजरेतून निसटले ते हेच.

मंडल्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या पुढाकाराने सौंफ हे गाव उद्यानाबाहेर हलवण्यात आले. बारशिंग्यांसाठी कुंपण घातलेले आवार तयार झाले, चराई थांबली, जाळण्यावर निर्बंध आले. पुढे आणखी गावे उठली. सौंफच्या शेतांवर गवत वाढले आणि बारशिंगे तिथे येऊन राहिले. आज कान्ह्यात त्यांची संख्या आठशेच्या पुढे गेली आहे आणि २०१५ पासून काही जनावरे सातपुडा व्याघ्रप्रकल्पात नेऊन सोडली आहेत. एखादी जात इतक्या काठावरून परत आल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

या यशाचा आनंद मला आहे. त्याची किंमत कोणी भरली हेही दिसते. परवान्याच्या काळात ज्यांची शिकार गुन्हा ठरली, ज्यांचे बेवर बंद झाले, त्याच गोंड-बैगांची घरे अखेर मैदानातून उठली. सौंफ हलवणे बारशिंग्यासाठी आवश्यक होते असे पुरावा सांगतो. पण गवत कुठे वाढते, मादी कुठे विते, आग कधी लावली तर पाडस वाचते, हे ज्यांना रोजच्या जगण्यातून ठाऊक असण्याचा संभव होता, त्यांची साक्ष या शंभर वर्षांच्या कागदांत क्वचितच घेतलेली आढळते. शिकारीच्या कथांत ते हाकेवाले आहेत, खात्याच्या अहवालांत अतिक्रमक.

१९४३ मध्ये पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने मध्य भारतातल्या बारशिंग्याला वेगळी उपजात मानून तिचे नाव ‘ब्रँडेरी’ ठेवले. ते नाव उचित आहे, कारण डनबार ब्रँडरने ऱ्हास पाहिला आणि प्रामाणिकपणे लिहिला. आज विदर्भात रोही आणि रानडुकरे वाढल्याची तक्रार शेतकरी करतात, तर इतरत्र चितळ-सांबर घटल्याची तक्रार पर्यटक आणि निसर्गप्रेमी करतात. या तक्रारी ऐकताना कान्ह्याचा धडा उपयोगी पडावा. जो जंगलात हिंडतो त्याने ‘कमी झाले’ किंवा ‘वाढले’ म्हटले, तर आधी ते गंभीरपणे ऐकावे. कशामुळे, हे मात्र केवळ त्याच्यावर विश्वास ठेवून ठरवू नये. त्यासाठी गवत पाहावे, पाडसे मोजावीत, आणि त्या गवताशेजारी राहणाऱ्याला विचारावे.