मानेचे ओझे: माहीम ते परळ

माहीमच्या कोळीवाड्यात मानेचे दुखणे पाटीबरोबर येत असे. डोक्यावर मासळीची ओली पाटी, तिच्याखाली चुंबळ, आणि मान ताठ ठेवून घरोघर फिरती. चुंबळीने डोक्याला टोचत नाही, तोलही सांभाळला जातो. मानेवरचे वजन मात्र तेवढेच राहते. वर्षानुवर्षे डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज लवकर होते, हे पुढे हमालांच्या एक्स-रे तपासण्यांत दिसून आले.

मान धरली की उपाय घरचाच असे: कोमट तेलाची मालिश, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, आणि त्यानेही उतार पडला नाही तर हाडवैद्य. आयुर्वेदात या विकाराला मन्यास्तंभ म्हणतात. सुश्रुतसंहितेने त्याच्या कारणांत दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे आणि मान वर करून पाहत राहणे यांची गणना केली आहे. कारण इतके नेमके ओळखलेले असूनही उपचार नस्य आणि स्वेदन हेच, म्हणजे दुसऱ्याने करायचे आणि रोग्याने करवून घ्यायचे.

मान बळकट करण्याची विद्या जवळच होती. 1925 मध्ये शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले; गिरणगावातही तालमी होत्या. मल्लखांब आणि कुस्तीत मान कमावल्याशिवाय चालत नाही. पण तालीम धडधाकट पोरांसाठी होती. दुखऱ्या मानेला तिथे मालिश मिळे, मेहनत नव्हे.

तालीम आणि रोगी यांच्यातली ही भिंत पोलिओने पाडली. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी 1947 मध्ये चौपाटीवर, डॉ. बाळिगांच्या जागेत, अशा मुलांसाठी उपचार केंद्र काढले. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. 1952 च्या पोलिओच्या साथीनंतर, 1953 मध्ये, तिथेच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा उभी राहिली. भारतातल्या या व्यवसायाची पायाभरणी परळमध्ये झाली, ती अशी. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणींत मोजायची आणि जेवढी असेल तेवढ्यापासून व्यायाम चढवत न्यायचा, ही शिस्त त्या मुलांच्या पायांवर रुजली. दुबळा स्नायू विश्रांतीने नव्हे, बेताच्या कामाने सुधारतो, हा तिचा गाभा. आजारी माणसालाही तालीम हवी, हे रुग्णालयाने मान्य केले, आणि या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच आहे.

मानेच्या रोग्यांपर्यंत ते यायला मात्र फार वेळ लागला. कित्येक दशके त्यांच्या वाट्याला यंत्राचा शेक, वजन लावून ताण आणि गळ्याला पट्टा आला. पट्ट्याने सुरुवातीला आराम वाटतो. तो महिनोन्‌महिने वापरला तर स्नायूंचे काम सुटते आणि ते आणखी ढिले पडतात.

दरम्यान मानेवरचे ओझे बदलले. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, आणि पडद्याकडे झुकलेले डोके दिवसभर तोलून धरणे हे मानेचे नवे काम ठरले.

अशाच बैठ्या कामाच्या 180 फिनिश स्त्रियांवरील अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर मानेचे ताकदीचे किंवा दमाचे व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे, केवळ ताण देणारे आणि एरोबिक व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. त्याआधी 2002 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्वेंडोलिन जुल यांनी मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीच्या 200 रोग्यांवर प्रयोग केला. हाताने सांधे मोकळे करणे आणि मानेच्या खोल स्नायूंचा हलका व्यायाम, दोन्हींचा गुण वर्षभर टिकला.

म्हणून आज हाताचा उपचार आखडलेला सांधा हलता करण्यापुरता आणि पुढचे काम व्यायामाचे, अशी वाटणी केली जाते. उताणे पडून हनुवटी किंचित आत घेत होकारासारखी मान हलवायची, तेव्हा गळ्याचे वरवरचे स्नायू ताठू द्यायचे नाहीत. पुढे खांद्याची पाती मागे ओढणे आणि रबरी पट्ट्याविरुद्ध जोर लावणे येते. गुण यायला आठवडे लागतात. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर आधी डॉक्टरांची तपासणी हवी. सलूनमध्ये केस कापल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय या उपचारात बसत नाही. त्या हिसक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.