आकाशांतील गडाची रसद

राजुरीच्या शिवारांत दिवेलागणीस उभें राहिलें असतां कधीं कधीं एक ठळक, न लुकलुकणारा तेजोबिंदु संथपणें आकाश ओलांडतांना दिसतो. तो तारा नव्हे. सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासास पृथ्वीप्रदक्षिणा करणारें तें आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक होय. नोव्हेंबर २००० पासून तेथें माणसांची वस्ती अखंड आहे. तें दिसेनासें झालें, कीं आमच्या मनांत शिवनेरीचा विचार येतो. कारण दोहोंपुढील प्रश्न एकच. वर राहणाऱ्यांनीं खावें काय?

शिवनेरीवर धान्यासाठीं अंबरखाना आहे आणि पाण्यासाठीं कातळांतलीं गंगा-जमुना टाकीं आहेत. पाणी पाहूनच किल्ला बांधावा, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतहि सांगितला आहे. आकाशांतील गडास मात्र ना झरा, ना रान. तेथें वापरलेलें पाणी पुन्हा शुद्ध करून घेतात खरें. परंतु शिधा खालूनच चढवावा लागतो.

हा शिधा वाहावा कोणीं? जानेवारी १९७८ मध्यें झानिबेकोव्ह व मकारोव्ह हे दोघे रशियन वीर सोयूझ २७ यानांतून साल्यूत ६ या स्थानकावर गेले. तेथें राहणाऱ्या रोमानेन्को व ग्रेच्को यांच्यासाठीं त्यांनीं सामानाबरोबर घरचीं पत्रेंहि नेलीं. त्याच महिन्यांत प्रोग्रेस हें निर्मनुष्य मालवाहू यान तेथें जाऊन लागलें. गोणी पोंचविण्यास माणूस लागतोच असें नाहीं, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

तथापि अमेरिकेच्या शटल यानांतून माणसें व माल एकत्रच जात राहिलीं. १ फेब्रुवारी २००३ रोजीं परतीच्या वाटेवर कोलंबिया यान भंगलें आणि आपल्या कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण मृत्यु पावले. ती सफर स्थानकाकडील नव्हती. परंतु तिच्यामुळें सर्वच शटलें थांबलीं आणि स्थानकाचा शिधा आटला. तिघांच्या जागीं दोघेंच ठेवावे लागले. २००४ च्या अखेरीस लिरॉय चिआओ व सलीझान शारिपोव्ह यांच्यावर तर पोटास चिमटा घेण्याची वेळ आली. २५ डिसेंबरला प्रोग्रेस पोंचलें, तेव्हां कोठें त्यांची ददात मिटली. वेढ्यांतील गडकऱ्यांनीं दुरून येणारी रसद पाहावी, तसाच तो प्रसंग!

कोलंबियाच्या चौकशी मंडळानें पुढील यानांविषयीं सांगितलें, कीं माणसें व माल शक्य तों वेगळे न्यावे. जुलै २०११ मध्यें अटलांटिस शेवटचें उडालें. त्यांत चौघेंच होते. कारण संकटांत सोडवावयास दुसरें शटल सज्ज नव्हतें. त्यांनीं चार टनांहून अधिक सामान स्थानकास दिलें आणि शटलांचें पर्व संपलें.

इतिहास किल्लेदाराचें नांव सांगतो; पाठीवर पोतें घेऊन गड चढलेल्या हमालाचें सांगत नाहीं. त्याचा पाय निसटला असेल, तर त्याची नोंद कोणत्या बखरींत मिळावयाची? आकाशाच्या इतिहासांत रसद वाहणाऱ्यांचीं नांवें तरी राहिलीं, आणि त्यांच्या जिवाचें मोल मोजून पोतें यंत्राच्या पाठीवर दिलें गेलें. उंच चढण्याच्या पराक्रमाहून आम्हांस हा विवेक थोर वाटतो.