बोटाची किंमत : नुकसानभरपाईच्या दाव्यांतील डॉक्टरांची साक्ष

हाताचा अंगठा गेला तर माणसाचे किती गेले? वैद्याला विचारले तर पकड किती कमी झाली हे तो सांगेल. सुताराला विचारले तर तो म्हणेल, पटाशी धरता येत नाही, मग राहिले काय? 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला विचारले असते तर उत्तर मिळाले असते, शेकडा पंचवीस. ह्या तीन उत्तरांतील अंतर हाच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. शरीराची हानी डॉक्टर पाहतो, पोटाची हानी कामगार सोसतो, आणि पैशाचा आकडा कायदा ठरवतो. ह्या तिघांची गाठ कशी पडली आणि डॉक्टराच्या शब्दाला एवढे वजन कसे आले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ह्या वादाचा आरंभ आगगाडीपासून करणे सोयीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात गाड्यांचे अपघात होत आणि जखमी उतारू कंपन्यांवर दावे लावीत. त्यांपैकी कित्येकांच्या अंगावर जखमेची खूणही नसे. परंतु झोप नाही, पाठ दुखते, हातपाय थरथरतात, अशी त्यांची तक्रार असे. 1866 मध्ये जॉन एरिक एरिक्सन ह्या लंडनच्या नामांकित शल्यवैद्याने ह्या विषयावरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. धक्क्याने पाठीच्या कण्यातील मज्जेला इजा होते, असे त्याने प्रतिपादन केले आणि वादींच्या वकिलांना मोठा आधार मिळाला. 1883 मध्ये हर्बर्ट पेज ह्याने त्याचे खंडन केले. इजा मज्जेला नसून भीतीचा परिणाम मनावर व मज्जासंस्थेवर होतो, असे त्याचे म्हणणे. हा पेज लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा शल्यवैद्य होता. त्याच्या मतात तथ्य नव्हते असे मुळीच नाही. मनाच्या आघाताने शरीर खचते, हे पुढच्या वैद्यकाने मान्यच केले. तथापि डॉक्टर न्यायासनापुढे उभा राहिला की त्याचे मत काय, ह्याबरोबर तो कोणाचा, हाही प्रश्न तेव्हापासून विचारला जाऊ लागला. तो अजून थांबलेला नाही.

जर्मनीत 1884 मध्ये अपघात विम्याचा कायदा झाला. चूक कोणाची हे न पाहता अपघातग्रस्त कामगाराला निवृत्तिवेतन मिळू लागले. काम करण्याची शक्ती पूर्ण गेली तर वेतनाच्या दोनतृतीयांश आणि अंशतः गेली तर त्या मानाने, अशी व्यवस्था होती. चुकीचा प्रश्न सुटला आणि त्याच्या जागी 'मान' ठरवण्याचा प्रश्न आला. तो अर्थातच डॉक्टरांकडे गेला. 1889 मध्ये हेर्मान ओपनहाइम ह्या बर्लिनच्या डॉक्टराने आघातजन्य मज्जाविकाराची कल्पना मांडली आणि तशा रुग्णांना वेतन मिळू लागले. मग दुसऱ्या पक्षाचे डॉक्टर म्हणू लागले की, हा रोग अपघाताने होत नसून वेतनाच्या आशेने होतो. अखेर 1926 मध्ये जर्मन विमा खात्याच्या वरिष्ठ न्यायपीठाने अशा विकारांना भरपाई नाकारली. तक्रारी करणारी माणसे तीच होती. बदलली ती वैद्यकातील बहुमताची दिशा.

इंग्लंडात 1897 मध्ये असाच कायदा झाला. पुढे ह्या विषयात एक प्रकरण फार बोधप्रद झाले. एका कामगाराचा एक डोळा पूर्वीच आंधळा होता, पण पाहणाऱ्याला तो दिसून येत नसे. कामावर अपघात होऊन तो डोळा काढावा लागला. डॉक्टराच्या दृष्टीने पाहू गेल्यास नुकसान शून्य. जे दिसतच नव्हते ते गेले. परंतु आता व्यंग उघड झाले आणि त्याला कोणी कामावर घेईना. 1912 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, काम करण्याची असमर्थता म्हणजे केवळ स्नायूंची वा इंद्रियांची असमर्थता नव्हे. व्यंगामुळे काम न मिळणे हीही असमर्थताच. आमच्या मते ह्या विषयाचे मर्म ह्या एका निर्णयात आले आहे.

आता आपल्याकडे वळू. गिरण्या आल्या, यंत्रे आली, पट्ट्यांत व चाकांत हात सापडू लागले. परंतु जखमी कामगाराला दिवाणी कोर्टात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, म्हणजे बहुधा काहीच मिळत नसे. 1923 चा कायदा 1 जुलै 1924 पासून अंमलात आला आणि ही अट सुटली. त्याला जोडलेले कोष्टक वाचण्यासारखे आहे. उजवा हात कोपरापासून वा त्याच्या वर गेला तर शेकडा 70, डावा गेला तर 60; एक डोळा 30; अंगठा 25; तर्जनी 10; इतर कोणतेही बोट 5. पुढे हे आकडे बदलले, अंगठा 30 वर गेला, पण पद्धत तीच राहिली. कोष्टकाचा मोठा गुण हा की, गरीब माणसाला प्रत्येक बोटासाठी पंडितांचा वाद ऐकत बसावे लागत नाही. त्याचा दोषही तोच, की तबलजीचे बोट आणि पहारेकऱ्याचे बोट त्याला सारखेच.

मालकाने तीन दिवसांच्या आत आपल्या खर्चाने डॉक्टराकडून तपासणी करून देऊ केली तर कामगाराने ती करून घेतलीच पाहिजे, नाही तर त्याचा हक्क तहकूब होई, असेही कलम त्यात होते. नियम गैर नव्हता. पण एका बाजूस मालकाने बोलावलेला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूस ज्याला स्वतःचा डॉक्टर आणण्याची ऐपत नाही असा माणूस, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

कोष्टकाचा कस लागला तो एका सुताराच्या दाव्यात. चित्रपटगृहाचे नक्षीकाम करीत असता 1968 मध्ये तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराशी कापावा लागला. मालकाचे म्हणणे, ही अंशतः हानी आहे, कोष्टकाप्रमाणे टक्के मोजा. कमिशनरने मानले की, सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा ह्याची कमाईची शक्ती पूर्ण गेली. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कायम केले. अपघाताच्या वेळी जी कामे माणूस करू शकत होता ती सर्व करण्यास तो असमर्थ झाला की ते पूर्ण अपंगत्व, अशी कायद्याचीच व्याख्या होती. हात किती इंचांवर कापला हे डॉक्टराने सांगावे. रंधा चालेल की नाही, हे ज्याला रंधा ठाऊक त्याने सांगावे.

स्वातंत्र्यानंतर डॉक्टराची जागा बदलली. प्रा. बी. पी. अडारकर ह्यांच्या 1944 च्या अहवालाच्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन झाले. तीत अपंगत्वाचा प्रश्न वैद्यकीय मंडळापुढे जाऊ लागला आणि त्यावर अपिलाची सोय झाली. म्हणजे जो साक्षीदार होता तो पंच झाला. 1923 च्या कायद्यातही 1984 च्या दुरुस्तीने, कोष्टकात नसलेल्या दुखापतीत कमाईची हानी डॉक्टराने ठरवावी, असे आले. आम्हांला हे पाऊल जपूनच टाकण्यासारखे वाटते. हाडाचे ज्ञान असणाऱ्याला बाजारभावाचे ज्ञान असतेच असे नाही. 2010 मध्ये मोटार अपघाताच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद स्पष्ट केला : शरीराच्या अपंगत्वाचे टक्के डॉक्टराने सांगावेत, त्यामुळे कमाई किती बुडाली हे न्यायाधिकरणाने ठरवावे. डावा हात गेलेला गाडीवान आणि डावा हात गेलेला कारकून ह्यांचे टक्के एक असतील, नशीब एक नसते. सढळ हाताने दाखले देणाऱ्या डॉक्टरांविषयीही न्यायालयाने सावध केले.

जखमेची गोष्ट निदान डोळ्यांना दिसते. रोगाची दिसत नाही. कापसाच्या धुळीने गिरणी कामगाराला जडणारा बिसिनोसिस पाहा. सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळते. आरंभी आठवड्याच्या पुढच्या दिवसांत बरे वाटते. क्ष-किरणांच्या चित्रात ह्या रोगाची खास अशी खूण उमटत नाही. 1955 च्या सुमारास लँकेशायरमध्ये रिचर्ड शिलिंग ह्या डॉक्टराने त्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या मुख्यतः कामगाराला विचारून : सोमवारी छाती आवळते का? कधी कधी की दर सोमवारी? इतर दिवशीही आवळते का? म्हणजे येथे डॉक्टराचा पुरावा हा कामगाराचा शब्दच आहे, नीट विचारलेला आणि नीट लिहिलेला. दगड फोडणाऱ्यांच्या सिलिकोसिसची तऱ्हा वेगळी. त्याची खूण क्ष-किरणांत उमटते, पण क्षय समजून औषध चालू राहते. 'आधी कोणते काम करीत होतास?' हा एक प्रश्न राहून जातो आणि घर भरपाईला मुकते.

हा प्रश्न कारखान्यापुरता उरलेला नाही. 1995 च्या कायद्याने शेकडा 40 ही अपंगत्वाची सीमा घातली. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 21 केले आणि मुख्य सवलतींसाठी 40 ची सीमा ठेवली. 39 आणि 40 ह्यांच्यामध्ये शरीरात रेघ नसते, ती कागदावर असते; आणि ती ओढणारा हात डॉक्टराचा असतो. खोटा दाखला देणारा सरकारला फसवतो हे खरे, पण त्याहून अधिक तो खऱ्या अपंगाला फसवतो, कारण पुढच्या माणसाकडे सगळे संशयाने पाहतात. 1923 आणि 1948 चे कायदे 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. कायद्यांची नावे बदलतात. तपासणीच्या खोलीतील टेबलाच्या दोन बाजू मात्र त्याच राहतात.

तेव्हा डॉक्टरांकडून समाजाने काय मागावे? दया नको, कठोरपणाही नको. काय पाहिले, काय ऐकले आणि काय तर्काने म्हटले, हे त्यांनी वेगवेगळे लिहावे. रुग्ण कोणते काम करीत होता हे विचारून नोंदवावे. आणि बोलावणे आले की साक्षीला जावे. वेळ मोडतो म्हणून कित्येक डॉक्टर कोर्टाची पायरी टाळतात. पुष्कळदा दाखला असतो, पण तो शाबीत करायला कोणी नसते, आणि दावा तेथेच बसतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी डॉक्टर असेल, कोणी कामगार असेल. ज्या दिवशी ह्या दोघांची गाठ दवाखान्यात पडेल, त्या दिवशी त्या कागदावर लिहिल्या जाणाऱ्या चार ओळींवर एका कुटुंबाची चूल अवलंबून आहे, एवढे दोघांनीही विसरू नये.