आर्मस्ट्राँगचे एफ.एम. आणि कार्सनचे गणित

रेडिओच्या इतिहासात संशोधकांचे गौरव भरपूर आढळतात. आवाज लहरीवर आरूढ होतो कसा, हा मूळ प्रश्न मात्र दोन ओळींत उरकला जातो. साहित्याच्या अध्यापकांना तो परका वाटावा हे स्वाभाविक आहे. तरीही त्यात जो वाद दडला आहे, तो आम्हांस मुळीच परका वाटत नाही.

मानवी आवाजाची कंपने सेकंदाला काही शे ते काही हजार. ती तशीच प्रक्षेपित करायची तर अँटेना कित्येक किलोमीटर लांबीची लागेल. म्हणून लाखो कंपनांची वाहक लहर घेऊन तिच्यात आवाजाबरहुकूम बदल घडवायचे, हे मॉड्युलेशन. २३ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकेतील कॉब बेटावर रेजिनाल्ड फेसेंडेनने सुमारे दीड किलोमीटरवर शब्द पोहोचवले, ते लहरीची उंची, म्हणजे परमप्रसर, कमीजास्त करून. ए.एम. ते हेच. परंतु कडाडणारी वीजही त्या उंचीतच ढवळाढवळ करते. गाणे कोणते आणि खरखर कोणती, हे बिचाऱ्या रेडिओला कळत नाही.

मग उंची स्थिर ठेवून कंप्रताच बदलली तर? १९२२ साली जॉन कार्सनने गणिताने दाखवले की, त्यामुळे लहरींचा पट्टा अरुंद होत नाही, आवाजात विकृती मात्र येते. गणित निर्दोष होते. पण अरुंद पट्टाच हवा, हे त्यात गृहीत धरलेले होते! समीक्षेतही असे निर्दोष निष्कर्ष आपण कितीदा तरी वाचतो. एडविन आर्मस्ट्राँगने ते गृहीतच उलटवले: पट्टा मुद्दाम रुंद केला आणि ग्राहकयंत्रात उंचीतील चढउतार छाटून टाकले. खरखर बव्हंशी तिथेच गळाली. १९३३ साली त्याला पेटंटे मिळाली.

नोव्हेंबर १९३५मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ अभियंत्यांच्या सभेत त्याने याँकर्सहून आलेले प्रक्षेपण ऐकवले. त्यात पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगाळल्याचा आवाज होता. श्रोत्यांना थक्क करण्यासाठी याहून साधी सामग्री क्वचितच कुणी निवडली असेल.

पुढचे वृत्त क्लेशकारक आहे. १९४५ साली अमेरिकी नियामक आयोगाने एफ.एम.चा पट्टा हलवला आणि जुने संच निरुपयोगी ठरले. १९४८पासून आर्मस्ट्राँग आर.सी.ए.शी पेटंटांसाठी कोर्टात झगडत होता. १९५४च्या जानेवारीअखेर त्याने आत्महत्या केली. पत्नी मेरियनने दावे पुढे चालवले. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ साली तिच्या बाजूने संपला.